दोनशे मिनिटं आणि सात रिकाम्या जागा

बास्केटबॉलच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला २०० मिनिटं येतात. खेळ ४० मिनिटांचा, मैदानावर पाच जण, हिशेब संपला. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये दर वसंतात संघ रिकामे होतात आणि दुसऱ्या कॉलेजांतून आलेल्या खेळाडूंनी पुन्हा भरले जातात. २०२५च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत मी हे काम आतून केलं. त्यात पैसा होता, एजंट होते, रात्र रात्र बघितलेले व्हिडिओ होते. पण आमच्यासारख्या लहान संघाला तारलं ते या २०० मिनिटांच्या हिशेबाने. कुणाला किती मिनिटं देता येतील हे आम्ही खरं सांगत गेलो, म्हणून जागा भरल्या, असं माझं ठाम मत आहे.

मी नागपूरचा. तिथल्याच कोर्टांवर खेळून मोठा झालो, संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत आलो आणि विद्यापीठाच्या पुरुष संघाकडे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागलो. आता मध्य-पश्चिमेतल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात संघाचा व्हिडिओ आणि आकडेवारी सांभाळतो. आम्ही डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीत आहोत, पण मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या बड्या विद्यापीठांच्या गटात, नाही. अशा संघांना इथे मिड-मेजर म्हणतात. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या मुलांबद्दल लिहितोय ती लगेच ओळखू येतील.

आधी नियमांबद्दल थोडं. पूर्वी कॉलेज बदललं की बहुतेक बास्केटबॉलपटूंना एक पूर्ण हंगाम बाहेर बसावं लागे. शिवाय नव्या कॉलेजच्या कोचशी बोलण्यासाठी जुन्या कॉलेजची परवानगी लागे, आणि ती अडवून धरता येई. १५ ऑक्टोबर २०१८ला कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू केलं आणि ही परवानगी गेली. खेळाडूने लेखी कळवलं की कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसने (नियम पाळले जातात ना हे बघणाऱ्या विभागाने) कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव पोर्टलमध्ये टाकायचं, मग कुणीही त्याच्याशी बोलू शकतं. २०२१मध्ये प्रत्येकाला एकदा न थांबता कॉलेज बदलायची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने उरलेल्या बंधनाला तात्पुरती मनाई केली, आणि एप्रिल २०२४मध्ये एनसीएएने नियमच बदलला: अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा कॉलेज बदला, लगेच खेळा. त्याआधीच, १ जुलै २०२१पासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं.

मुलांना हे स्वातंत्र्य मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. कोच एका रात्रीत दुसरीकडे जाऊ शकतो, मग एकोणीस वर्षांच्या पोरालाच का बांधून ठेवायचं? पण मिड-मेजर संघात बसून या स्वातंत्र्याची किंमतही रोज दिसते. फ्लोरिडा अटलांटिक हा २०२३मध्ये फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, गेलेला लहान संघ. २०२४मध्ये त्यांचा कोच डस्टी मे मिशिगनला गेला, सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) व्लादिस्लाव गोल्डिन त्याच्यामागे गेला, जॉनेल डेव्हिस आर्कन्सॉला आणि अलाइजा मार्टिन फ्लोरिडाला. २०२५च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळा संघांत आमच्यासारख्यांपैकी एकही नव्हता. सोळाच्या सोळा संघ चार मोठ्या कॉन्फरन्समधले होते. आणि ७ एप्रिलला सॅन अँटोनिओत ह्यूस्टनला ६५-६३ हरवून फ्लोरिडा जिंकलं, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या पाचांत मार्टिनबरोबर आयोना या लहान कॉलेजातून आलेला वॉल्टर क्लेटन, बेलमाँटहून आलेला विल रिचर्ड आणि वॉशिंग्टन स्टेटहून आलेला रुबेन चिन्येलू होते. क्लेटन त्या फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला आयोनाने घडवलं होतं, हे किती जणांच्या लक्षात राहील कोण जाणे.

आमचा हंगाम मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच, कॉन्फरन्सच्या स्पर्धेत संपला. दोन दिवसांनी हेड कोचने प्रत्येक खेळाडूला एकेकट्याने ऑफिसात बोलावलं. तीन मुलांची खेळण्याची मुदत संपली होती. त्यांतला एक तर २०२०-२१च्या कोविड हंगामामुळे मिळालेलं जादा वर्षही वापरून झाला होता. पुढच्या काही दिवसांत पाच जणांनी पोर्टलमध्ये जात असल्याचं सांगितलं. तिघांना कमी खेळायला मिळालं होतं, एकाला घराजवळ जायचं होतं, आणि पाचवा आमचा सर्वांत जास्त गुण करणारा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा खेळाडू. आला तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. दोन वर्षं मी त्याच्याशेजारी बसून त्याने चेंडू गमावल्याचे (टर्नओव्हरचे) व्हिडिओ तुकडे काढून दाखवले होते. तो कोचच्या ऑफिसातून रडत बाहेर आला आणि म्हणाला, "कोच म्हणाले, जा. तुझ्या घरच्यांसाठी हे योग्य आहे." त्याच्या आईने दोन नोकऱ्या करून त्याला वाढवलं आहे, तिच्या डोक्यावरचं कर्ज त्या एका करारात फिटणार होतं. त्याने जायलाच हवं होतं.

तेरा शिष्यवृत्त्यांपैकी आठ सुटल्या. पाच मुलं राहिली, हायस्कूलमधून एकाने नोव्हेंबरमध्येच सही केली होती. म्हणजे सात जागा रिकाम्या.

हेड कोचने त्याच संध्याकाळी बैठक घेतली आणि फळ्यावर नावांऐवजी आकडा लिहायला सांगितला: २००. राहिलेल्या पाच जणांची पुढच्या वर्षीची अंदाजे मिनिटं मी मांडली, ८५ झाली. हायस्कूलमधून येणाऱ्या मुलाला १०. उरली १०५. कोच म्हणाले, "सात जणांना मिळून एवढंच आहे. फोनवर ज्याने ज्याला जेवढी मिनिटं सांगितली तेवढी इथे लिहायची. बेरीज १०५च्या वर गेली की त्या दिवसापासून आपण कुणाशी तरी खोटं बोलतोय."

ऐकायला साधं वाटतं, पण या धंद्यात असं फारसं होत नाही. तीन असिस्टंट कोच तीन फोनवरून तीन मुलांना "तू तीस मिनिटं खेळशील" सांगतात, तिन्ही मुलं एकाच जागेवर खेळणारी असतात, आणि डिसेंबरमध्ये दोघं बाकावर बसून पुन्हा पोर्टलचा विचार करू लागतात. दर वर्षी जागा रिकाम्या होण्याचं एक मोठं कारण आदल्या वर्षी दिलेली वचनं असतात.

पोर्टल २४ मार्चला उघडलं, २२ एप्रिलला बंद होणार होतं. ही मुदत नाव टाकण्याची. नवं कॉलेज नंतरही निवडता येतं. डिव्हिजन वनमध्ये तेव्हा ३६४ संघ होते, आणि पोर्टलमध्ये दोन हजारांहून जास्त पुरुष खेळाडू आले. खेळाडूंना फोन करण्याचं काम नियमाने कोचेसचं, माझं काम त्याच्या आधीचं: त्या गर्दीतून आमच्या उपयोगाची नावं काढणं.

इथे जरा थांबतो, कारण माझा जीव यातच आहे. लोक पहिल्यांदा सरासरी गुण बघतात, आणि तो सर्वांत फसवा आकडा आहे. कमकुवत संघात कुणीतरी गुण करतंच. मी आधी बघायचो की तो मैदानावर असताना संघाचे किती डाव, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाचे हल्ले, त्याच्या हातून संपतात, आणि ते किती चांगले संपतात. मग तो कुणाविरुद्ध खेळला ते. केन पॉमरॉय किंवा बार्ट टॉरविकच्या साइटवर प्रत्येक संघाची ताकद प्रतिस्पर्ध्यांच्या हिशेबाने काढलेली मिळते. त्यावरून वरच्या दर्जाच्या संघांविरुद्ध मुलाचे आकडे किती घसरले ते काढता येतं. ज्याचे घसरत नाहीत त्याच्या नावापुढे मी खूण करायचो.

थ्री-पॉइंटरचं, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचं, तर वेगळंच. एखाद्याने हंगामात ५० थ्री मारून ४२ टक्के घातले की एजंट त्याला नेमबाज म्हणून विकतो. पण खरा ३५ टक्क्यांचा नेमबाजसुद्धा ५० शॉट्समध्ये केवळ योगायोगाने ४२ वर किंवा २८ वर सहज जाऊ शकतो. म्हणून मी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, बघायचो. तिथे समोर कुणी नसतं, अंतर कायम असतं, हात कसा आहे ते तिथे कळतं. एका लहान कॉन्फरन्समधल्या विंगने (कडेने खेळणाऱ्या खेळाडूने) थ्री ३१ टक्केच घातले होते, पण फ्री थ्रो ८६ टक्के. फिल्म बघितली तर त्याच्या संघात पास देणारं कुणी नव्हतं. बहुतेक थ्री तो घड्याळ संपता संपता, अंगावर माणूस असताना मारत होता. आमच्याकडे त्याला मोकळे शॉट मिळाले असते. त्याचं नाव माझ्या यादीत वर गेलं, आणि पहिली सही त्याचीच झाली.

फिल्म मी सिनर्जी या व्हिडिओ सेवेवर बघतो. तिथे खेळाडूचा प्रत्येक डाव प्रकारानुसार वेगळा काढलेला असतो: पिक अँड रोल, स्पॉट-अप, पोस्ट, ट्रान्झिशन. पण तुकड्यांवरून मुलगा कळत नाही. म्हणून प्रत्येक मुलाचे काही सामने सलग बघायचो: एक सर्वांत बलाढ्य संघाविरुद्धचा, एक मोठ्या फरकाने हरलेला, आणि एक ज्यात त्याला लवकर बाहेर काढलं होतं. बाहेर आल्यावर तो कुठे बसतो, टाइम-आउटला उठतो का, त्याच्या जागी गेलेल्या मुलाने बास्केट घातली तर टाळी वाजवतो का. कॅमेरा बाकाकडे क्वचितच वळतो, पण वळतो तेव्हा मी थांबवून बघतो. एका सेंटरला आम्ही यावरच घेतलं. डिव्हिजन टूमधला, उंचीने थोडा कमी, पण वीस गुणांनी मागे असताना शेवटच्या दोन मिनिटांतही प्रत्येक शॉटवर बॉक्स-आउट करणारा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून परतणाऱ्या चेंडूसाठी जागा धरणारा. खालून वर आलेल्यांबद्दल मला विशेष आस्था आहे. डाल्टन नेक्ट ज्युनियर कॉलेजमधून (इथे हे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) नॉर्दर्न कोलोरॅडोत, तिथून टेनेसीत गेला आणि २०२४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत, लेकर्सने त्याला सतराव्या क्रमांकावर घेतलं. असे अजून कितीतरी कुणी न बघितलेल्या व्हिडिओत पडून असतात.

मग पैशाचं बोलणं. आमच्या पूर्ण संघासाठी जी रक्कम होती ती मोठ्या कॉन्फरन्समधल्या एका बऱ्या स्टार्टरला मिळते त्याहून कमी. पहिल्या फोनवर खेळाडू क्वचितच असतो. आधी एजंट, नाहीतर काका, नाहीतर हायस्कूलचा कोच. बरेच एजंट चांगले असतात, मुलाचं भलं बघतात. पण या एजंटांसाठी देशभर लागू असणारी परवान्याची पद्धत नाही, त्यामुळे कुणीही स्वतःला एजंट म्हणवू शकतं, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या कमाईतला वाटा घेऊ शकतं. याचं मला फार वाईट वाटतं.

आम्हाला एक पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, मनापासून हवा होता. एजंटने पैसे मान्य केले आणि अट घातली: दर सामन्यात तीस मिनिटांची हमी. हेड कोचने तक्ता उघडून त्याच्या नावापुढचा आकडा वाचून दाखवला, चोवीस. "चोवीसपासून सुरुवात. ऑक्टोबरमध्ये तू इतरांपेक्षा चांगला दिसलास तर तीस होतील. हमी मी माझ्या मुलालाही देणार नाही." तो दुसरीकडे गेला. बैठकीत कुणीतरी म्हणालं, तीस म्हणायला काय गेलं असतं, नंतर बघितलं असतं. कोचने फळ्याकडे बोट दाखवलं. ती जादा सहा मिनिटं आमच्याच एका मुलाच्या नावातून काढावी लागली असती, आणि तो मुलगा दुसऱ्या खोलीत वजनं उचलत होता.

एप्रिलच्या सुरुवातीला कोचेस सॅन अँटोनिओला गेले. फायनल फोरबरोबरच कोचेसच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरतं. त्या दिवसांत नियमाने डेड पीरियड असतो, म्हणजे खेळाडूंना प्रत्यक्ष भेटायचं नाही, फोन आणि मेसेज चालतात. हॉटेलच्या लॉबीत शेकडो कोच कानाला फोन लावून फिरत असतात. मी मागे राहून फिल्म पाठवत होतो.

डेड पीरियड संपला आणि भेटी सुरू झाल्या. विद्यापीठाच्या खर्चाने होणारी ही अधिकृत भेट, मुलाबरोबर घरचे दोघं येऊ शकतात. भेटीत कॅम्पस, वसतिगृह, जिम दाखवतात. नव्या जर्सीत फोटो काढतात. माझ्या वाट्याला पाऊण तास असतो, व्हिडिओ रूममध्ये. एक मुलगा मोठ्या कॉन्फरन्समधल्या संघात दोन वर्षं जवळपास बाकावरच होता. त्याच्याबरोबर त्याची आजी आली होती, तिनेच त्याला वाढवलेलं. मी त्याच्या जुन्या संघातल्या त्याच्याच क्लिप लावल्या. आधी चांगल्या, मग तो बचावात मागे पडल्याच्या. त्याला थोडं अवघडल्यासारखं झालं. आजी मात्र खुर्ची पुढे ओढून बसली. म्हणाली, "बाकी सगळ्या ठिकाणी आम्हाला संगीत लावलेला व्हिडिओ दाखवला. ह्याचं काय चुकतं हे दाखवणारे तुम्ही पहिले." मग तक्त्यात त्याच्या नावापुढे १८ आणि प्रश्नचिन्ह होतं, ते काय म्हणून विचारलं. मी सांगितलं की तेवढ्या मिनिटांची जागा आज आहे, पुढचं त्याच्या बचावावर. तिने मान हलवली आणि नातवाला म्हणाली, "हे तुला समजलं ना?" दोन दिवसांनी त्याने होकार कळवला.

असा होकार आला की मी त्या रात्री घरी फोन करतो. आईला बास्केटबॉलचे नियम आता बरे कळतात, पण हे पोर्टल तिला पटत नाही. ती म्हणाली, "अरे, ही पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, मग त्यांची डिग्री कुठली धरायची? तुझं मायग्रेशन सर्टिफिकेट मिळवताना तुझे बाबा किती खेपा घालून दमले होते, आठवतं ना?"

तिने नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं. बाहेरच्यांना वाटतं की जागा कोर्टवर भरते. प्रत्यक्षात ती भरते रजिस्ट्रारच्या ऑफिसात. डिव्हिजन वनमध्ये खेळण्यासाठी मुलाने दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण केलेला लागतो, तिसऱ्या वर्षाअखेर ६०, चौथ्या वर्षाअखेर ८०. आणि हे टक्के मोजायचे नव्या कॉलेजच्या पदवीवर. जुन्या कॉलेजात नव्वद क्रेडिट झाले असले तरी आमच्या अभ्यासक्रमात त्यांतले किती बसतात यावर सगळं ठरतं. तीन कॉलेजं बदललेल्या मुलाकडे अशा विषयांचा ढीग असतो जे कुठल्याच पदवीत नीट बसत नाहीत.

एका फॉरवर्डच्या बाबतीत हेच झालं. आम्हाला तो हवा होता, त्याला आम्ही हवे होतो, पैसे ठरले, १६ मिनिटं त्याने मान्य केली. त्याला व्यायामशास्त्र शिकून पुढे फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं. आमच्या विभागाने त्याचे शरीरशास्त्राचे प्रॅक्टिकलसह घेतलेले दोन विषय मान्य केले नाहीत आणि तो ६० टक्क्यांच्या खाली गेला. एक वाट होती: त्याने विषय बदलून सर्वसाधारण पदवी घेतली असती तर सगळे क्रेडिट धरले गेले असते आणि तो नोव्हेंबरमध्ये खेळला असता. असं सर्रास होतं. आमच्या शैक्षणिक सल्लागार बाईंनी त्याला दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून दाखवले, आणि स्पष्ट सांगितलं की दुसऱ्या तक्त्यातून फिजिओथेरपीच्या शाळेत जाता येणार नाही. हेड कोच त्या बैठकीत होते. त्यांना तो मुलगा सगळ्यांत जास्त हवा होता, पण ते गप्प बसून राहिले. मुलगा दुसऱ्या एका विद्यापीठात गेला, तिथे त्याचे विषय धरले. इतक्या वर्षांत मी या कोचबरोबर जिंकलेल्या कुठल्याही सामन्यापेक्षा मला त्या दिवशीचा त्यांचा अभिमान जास्त आहे.

सातांतला एक मुलगा सर्बियाचा होता, आणि तिथे माझा स्वतःचा अनुभव कामी आला. परदेशी विद्यार्थी एफ-१ व्हिसावर असतो. कॉलेज बदललं की जुन्या विद्यापीठाने सेव्हिस या सरकारी यंत्रणेतली त्याची नोंद ठरलेल्या तारखेला सोडायची, मग नव्या विद्यापीठाकडून आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला काढायचा. मधल्या काळात तो मायदेशी गेला तर परतताना कुठल्या विद्यापीठाचा कागद हातात आहे हे महत्त्वाचं. आणि सहकाऱ्यांना मिळणारे जाहिरातीचे पैसे त्याला इथे काम करून घेता येत नाहीत. व्हिसाच धोक्यात येतो. त्याच संघात, तेवढीच मिनिटं खेळून, शेजारच्या मुलाच्या खात्यात पैसे येतात आणि याच्या येत नाहीत. मी स्वतः एफ-१ वर होतो, कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांचं काम करून दिवस काढले आहेत, त्यामुळे त्याच्या आईवडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला कोचनी मला शेजारी बसवलं. वडिलांना इंग्रजी कमी येत होतं. त्यांनी विचारलं ते अगदी आपल्याकडचा बाप विचारेल तेच: आजारी पडला तर दवाखान्यात कोण नेईल, नाताळच्या सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर हा कुठे राहील. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती, कारण दोन्ही माझ्यावर येऊन गेलं होतं.

होकार तोंडी असतो तोवर काही खरं नसतं. ऑक्टोबर २०२४मध्ये जुनं राष्ट्रीय संमतीपत्र बंद झालं, आता शिष्यवृत्तीच्या करारावर सही झाली की इतर कॉलेजांनी त्या मुलाशी बोलायचं नाही. सही होईपर्यंत आमचा एक गार्ड हातचा गेला, त्याच्या जागी दुसरा शोधताना मे संपला. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. यादीत खालच्या क्रमांकावर असलेला मुलगा मिळाला आणि तो चांगला आहे.

६ जूनला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीला मंजुरी दिली. १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. शिष्यवृत्तीच्या संख्येची मर्यादा जाऊन संघाच्या आकाराची आली, बास्केटबॉलला १५. आमच्यासारख्यांसाठी ती कोट्यवधींची मर्यादा कागदावरच राहते. तेरा शिष्यवृत्त्या आणि शिष्यवृत्तीशिवाय खेळणारी आमची दोन मुलं मिळून बरोबर पंधरा झाले.

राहिलेल्या पाच जणांबद्दल लिहायलाच हवं, कारण पोर्टलच्या गडबडीत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. प्रत्येक सहीच्या आधी हेड कोच त्या जागेवरच्या आपल्या मुलाला बोलावून सांगत: अमुक येतोय, तुझ्या आकड्यात एवढा फरक पडेल किंवा पडणार नाही. एका सीनियरचा (शेवटच्या वर्षाच्या खेळाडूचा) आकडा २६वरून २२ झाला. त्याने विचारलं, "पोर्टल अजून उघडं आहे म्हणून आत्ता सांगताय का?" कोच म्हणाले, "हो, म्हणूनच." तो राहिला. त्याला जाता येईल अशा वेळी सांगितलं गेलं, हे त्याने नंतर नव्या मुलांना स्वतः सांगितलं.

इथल्या महाराष्ट्र मंडळात काही घरची मुलं हायस्कूल संघांत आणि उन्हाळी स्पर्धांत चांगली खेळतात. आईवडील मला विचारतात की कॉलेजचं काय. मी त्यांना खरं सांगतो: पोर्टलमुळे हायस्कूलमधून थेट घेतली जाणारी मुलं कमी झाली आहेत, कारण कोचला अठरा वर्षांच्या मुलापेक्षा बावीस वर्षांचा, दोन हंगाम खेळलेला तयार खेळाडू मिळतो. डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, ज्युनियर कॉलेज यांना कमी समजू नका. आणि कुठल्याही कोचला भेटाल तेव्हा विचारा, माझ्या मुलाच्या जागेवर सध्या कोण कोण आहे आणि त्यांना तुम्ही काय सांगितलं आहे. उत्तर देताना तो कागद काढतो की नुसतं हसतो, ते बघा.

जूनमध्ये मुलं आली. उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा मर्यादित सराव करता येतो. त्यात मी प्रत्येकाची फिल्म काढली आणि तक्त्यातले बरेच आकडे बदलले. सेंटरचे वाढले, आजीच्या नातवाचं प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे. ऑगस्टच्या शेवटी कंप्लायन्सकडून सातव्या मुलाच्या पात्रतेचा मेल आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेड कोचनी मला पुढच्या वसंतात खेळण्याची मुदत संपणाऱ्या आमच्या चार सीनियर मुलांच्या जागांची यादी करायला सांगितली, आणि बरोबर नवा तक्ताही. मी वर २०० लिहून कामाला लागलो.